नथीचा फोटो : आधी कॅमेरा की आधी दिवा?

हा लेख वाचायला घेण्यापूर्वी स्वयंपाकघरातून स्टीलचा एक चमचा आणा. त्याची मागची, फुगीर बाजू डोळ्यांसमोर धरा आणि नीट न्याहाळा. तुमचा चेहरा तर दिसेलच, पण शिवाय डावीकडची खिडकी, उजवीकडचे दार, वरचा पंखा, भिंतीवरचे कॅलेंडर अशी सारी खोलीच त्या बोटभर जागेत गोळा झालेली दिसेल. बहिर्वक्र आरशाचे दृष्टिक्षेत्र मोठे असते, हे वाक्य तुम्ही परीक्षेत लिहिलेले असेल. ते वाक्य म्हणजेच हा चमचा. तो हाताशी राहू द्या, आपल्याला पुन्हा लागणार आहे.

गेल्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर अकरावीतली एक विद्यार्थिनी तास संपल्यावर माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "सर, दागिन्यांचे फोटो काढायला किती मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यावा?" तिची आई घरी मोत्यांच्या नथी गुंफते. फोटो व्हॉट्सॲपवरून ओळखीच्या बायकांना जातात आणि त्यावरून मागणी येते. पण त्या महिन्यात दोन नथी परत आल्या होत्या. एकीने कळवले, "फोटोतले मोती हिरवट दिसत होते, मला तसेच हवे होते, हे तर पांढरे आहेत." दुसरीचे गाऱ्हाणे खड्यांच्या रंगाबद्दल होते. आईने ठरवले होते की बचत गटातून तीस हजारांचे कर्ज काढायचे आणि चांगला कॅमेरा घ्यायचा. गटाची बैठक आठ दिवसांवर आली होती.

मी तिच्याकडून फोटो मागवून घेतला आणि पडद्यावर दोन बोटांनी मोठा केला. सर्वांत मोठ्या मोत्यात एक पांढरी वाकडी रेघ होती. ती ट्यूबलाइट. तिच्याखाली चौकोनी उजेड, म्हणजे खिडकी. मधोमध हात वर करून उभी असलेली एक काळी आकृती, म्हणजे फोटो काढणारी आई. आणि बाकी सगळीकडे हिरवा रंग. "तुमच्या घराच्या भिंतींना कुठला रंग आहे गं?" मी विचारले. तिने फोटोकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हसू लागली. भिंती पोपटी होत्या.

मोत्यांचा हिरवटपणा कॅमेऱ्याने घातलेला नव्हता. मोती गुळगुळीत आणि गोल, म्हणजे चमच्याच्या पाठीसारखाच, आणि तो भिंत दाखवत होता. तीस हजारांच्या कॅमेऱ्याने तीच भिंत अधिक रेखीव टिपली असती.

आता थोडे गणित करू. मोत्याचा व्यास ६ मिमी धरा. म्हणजे वक्रता त्रिज्या ३ मिमी आणि नाभीय अंतर तिच्या निम्मे, दीड मिमी. वस्तू नाभीय अंतराच्या मानाने खूप दूर असेल, तर बहिर्वक्र आरशातील प्रतिमेचे विशालन ढोबळमानाने नाभीय अंतर भागिले वस्तूचे अंतर इतके येते. ६० सेंमीवर ६ सेंमी रुंदीचा बल्ब टांगला आहे. दीड भागिले सहाशे म्हणजे चारशेवा भाग. मोत्यात बल्बची प्रतिमा उमटणार ०.१५ मिमीची! सुईच्या टोकाएवढा झगझगीत ठिपका आणि बाकी मोती काळोखा, असे ते दृश्य. फोनच्या फ्लॅशचा दिवा तर जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा. तो लावला की मोत्यावर एक पांढरा टिंब पडतो आणि मोती प्लास्टिकच्या मण्यासारखा दिसतो.

आता बल्ब आणि मोती यांच्या मध्ये बटर पेपरचा ३० सेंमी रुंदीचा ताव धरा, मोत्यापासून १५ सेंमीवर. बल्बचा प्रकाश कागदावर पडून सर्व दिशांना विखुरतो. त्यामुळे मोत्याच्या दृष्टीने आता दिवा म्हणजे बल्ब नव्हे, तो अख्खा कागदच दिवा. पुन्हा तेच गणित: दीड भागिले दीडशे, म्हणजे शंभरावा भाग, आणि ३० सेंमीचा शंभरावा भाग ३ मिमी. (गोलाच्या कडेकडे प्रतिमा आक्रसते, म्हणून प्रत्यक्षात अडीच मिमीच्या आत-बाहेर भरेल. बारावीच्या विद्यार्थ्यांनी आकृती काढून हे तपासावे.) ठिपक्याच्या जागी आता मोत्याचा तिसरा हिस्सा व्यापणारा, कडेला हळूहळू मावळत जाणारा उजेड आला. यालाच आपण मोत्याचे 'पाणी' म्हणतो. बल्ब तोच, मोती तोच. बदलला तो दिव्याचा मोत्याला दिसणारा आकार.

विश्वास बसत नसेल तर चमचा घ्या. मागच्या बाजूला विजेरीचा झोत पाडा, मग विजेरीपुढे बटर पेपर धरून पुन्हा पाहा. एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. बल्ब कागदाला अगदी चिकटवला तर कागदाचा मधलाच भाग उजळतो आणि आपला मोठा दिवा पुन्हा लहान होतो. बल्ब वीस-पंचवीस सेंमी मागे असावा.

रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. बरोबर नेलेले साहित्य असे: बटर पेपरचे दोन ताव, पांढरी, काळी आणि राखी कार्डशीट, कपडे वाळत घालायचे चिमटे, एक बल्ब आणि दुकानातून मागून आणलेले पुठ्ठ्याचे खोके. खोक्याच्या दोन बाजू आणि छप्पर कापून तिथे बटर पेपर चिकटवला. छपरात फोनपुरती खिडकी ठेवली. पोपटी भिंत आता मोत्याला दिसेना. पहिलाच फोटो पाहून ताई म्हणाल्या, "अहो सर, हे मोती तर पांढरेच आहेत!"

पण त्यांचे समाधान झाले नव्हते. नथ जरा वेळ न्याहाळून त्या म्हणाल्या, "मोती छान आलेत, पण खडे मेले की हो." अगदी खरे होते. मधले गुलाबी खडे आणि भोवतीचे अमेरिकन डायमंड काचेच्या तुकड्यांसारखे निर्जीव दिसत होते. त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. चहा झाला, आणि चहा पिताना सुचले.

मोत्याला हवे ते खड्याला नको असते. मोती गोल आहे, तर खड्याला पैलू आहेत आणि प्रत्येक पैलू म्हणजे एक चिमुकला सपाट आरसा. शिवाय खड्याच्या आत शिरलेला प्रकाश तळाच्या पैलूंवरून पूर्ण आंतरिक परावर्तन पावून वर येतो. ज्याला बाजारात अमेरिकन डायमंड म्हणतात ते झिर्कोनियमचे ऑक्साइड होय. त्याचा अपवर्तनांक सुमारे २.१६, म्हणजे क्रांतिक कोन २८ अंशांच्या आसपास. साध्या काचेचा ४२ अंश, खऱ्या हिऱ्याचा २४. क्रांतिक कोन जितका लहान तितका प्रकाश आतच अडकून, फिरून वरच्या बाजूने बाहेर पडण्याची शक्यता जास्त. आता दिवा लहान असेल तर पन्नासांतले चार-पाच पैलूच नेमक्या कोनात असतात. ते लख्ख उजळतात आणि बाकीचे काळे राहतात. उजळ आणि काळे शेजारीशेजारी आले की आपण म्हणतो, खडा चमकला. हाच दिवा कागदाएवढा मोठा केला तर बहुतेक सगळेच पैलू थोडेथोडे पांढरे होतात, आणि सगळेच उजळल्यावर चमकणार कोण? रंगांच्या ठिणग्यांचेही तेच. खड्यातील अपस्करणाने पांढऱ्या प्रकाशाचे रंग सुटे होतात खरे, पण दिवा मोठा असला की एका भागाचा लाल दुसऱ्या भागाच्या निळ्यावर पडून पुन्हा पांढरा होतो.

नथीत मोतीही आहेत आणि खडेही. तेव्हा दोन दिवे हवेत, एक मोठा आणि एक लहान. खोक्याच्या कागदाला पेन्सिलीएवढे भोक पाडले आणि त्यातून एका जुन्या विजेरीचा झोत खड्यांवर सोडला. खडे जिवंत झाले. मोत्यांवर त्या विजेरीचे बारीक टिंब आले, पण कागदाच्या मोठ्या उजेडापुढे ते खटकत नव्हते. विजेरी थोडी फिरवली की कुठला खडा पेटायचा आणि कुठला विझायचा. हे फिरवण्याचे काम मुलीने इतक्या आवडीने केले की तासभर तरी गेला असेल.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी एक तयार प्रकाशपेटी मागवली होती. आतून पांढरी, वरच्या कडेला एलईडीच्या पट्ट्या. भांडी, पुस्तके, मातीच्या पणत्या यांचे फोटो तिच्यात बरे येतात. दागिन्याला मात्र ती दोन्हीकडून फसवते: मोत्यात एलईडीची ठिपक्यांची माळ उमटते आणि चहूकडून पांढऱ्या उजेडामुळे खडे मालवतात. आता ती पेटी प्रयोगशाळेत भिंगे ठेवायला उपयोगी पडते.

पार्श्वभूमीवरून आमचे थोडे दुमत झाले. ताईंना नथ जांभळ्या पैठणीच्या तुकड्यावर ठेवायची होती. पण गोलाच्या कडेवर प्रकाशकिरण अगदी तिरपे लागतात, त्यामुळे मोत्याची कड आपल्याला त्याच्या मागची-खालची पार्श्वभूमीच दाखवते. जांभळ्या कापडावर मोत्याला जांभळी किनार येणार आणि पुन्हा कोणी तरी म्हणणार, "मला जांभळे मोती हवे होते." पांढऱ्यावर ठेवले तर कड पांढऱ्यात विरघळून जाते. राखी कार्डशीट सर्वांत बरी. शिवाय चौकटीच्या अगदी बाहेर काळ्या कार्डशीटची बोटभर पट्टी ठेवली, तर सोनेरी तारेच्या कडेला एक बारीक काळी रेघ येते आणि तार उठून दिसते. धातूला उजेडाइतकीच अंधाराचीही गरज असते.

आता बल्बविषयी. ताईंना दिवसा वेळ नसतो, फोटो रात्रीच काढायचे, म्हणून बल्ब. दिवसा वेळ असेल त्याने उत्तरेची खिडकी वापरावी. ती फुकट असते. छायाचित्रणाच्या युरोपीय पुस्तकांत उत्तरेच्या खिडकीतून कधीच ऊन येत नाही असे लिहिलेले असते; ते तिकडे. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्यच डोक्याच्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत खिडकीला बटर पेपर लावावा.

पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो. आत निळा प्रकाश देणारा अर्धवाहक असतो (हा निळा एलईडी घडवल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले) आणि त्यावर पिवळसर प्रकाश देणाऱ्या स्फुरदीप्त पदार्थाचा थर. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरे वाटते. पण स्वस्त बल्बच्या वर्णपटात गडद लाल रंगाची तूट असते, आणि नथीतला माणकाच्या रंगाचा खडा नेमका त्याच लालवर जगतो. लाल आलेलाच नाही तर खडा परत काय पाठवणार? तो विटकरी, तपकिरी दिसतो. परत आलेल्या दुसऱ्या नथीचे कारण हे असावे. बल्बच्या खोक्यावर सी.आर.आय. नावाचा आकडा कधी कधी छापलेला असतो. सूर्यप्रकाशाला आणि जुन्या तारेच्या बल्बला तो १०० च्या जवळ, साध्या एलईडीला ८० च्या आसपास. ९० च्या वरचा मागून घ्या, थोडा महाग पडतो. घरात जुनी सीडी असेल तर तिच्यावरून बल्बचा वर्णपट पाहता येतो. तिच्यावरच्या रेघांतील अंतर १.६ मायक्रोमीटर असते, म्हणजे ती आयती विवर्तन जाळीच. दोन बल्बांचे लाल टोक ताडून पाहा.

आणि बल्ब एकाच जातीचे लावा. ट्यूबलाइट निळसर, बल्ब पिवळसर असे मिसळले तर फोन एकाचा रंग दुरुस्त करायला जातो आणि दुसऱ्याचा बिघडवतो. फोटो काढताना खोलीतले बाकी दिवे बंद असावेत. दुकानात बल्ब लावून फोनच्या कॅमेऱ्यातून त्याच्याकडे पाहा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब घेऊ नका. आपला वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने असा बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होत असतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळते.

मग कॅमेरा घ्यायचाच नाही का? मुलीने हाच प्रश्न विचारला, आणि तिचा मेगापिक्सेलचा मूळ प्रश्नही उत्तराविना राहिला होता. आम्ही पट्टी घेतली. त्यांचा फोन १० सेंमीपेक्षा जवळचे स्पष्ट दाखवत नव्हता, आणि त्या अंतरावर चौकटीत पट्टीचे १२ सेंमी मावत होते. फोटो १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे रुंदीत ४००० पिक्सेल. नथ ३ सेंमीची, चौकटीचा चौथा भाग. तिच्या वाट्याला आले १००० पिक्सेल. ज्या फोनवर गिऱ्हाईक तो फोटो पाहणार, त्याच्या पडद्याची रुंदीही बहुधा हजाराच्या आसपासच असते. पुरेसे आहे.

आणखी जवळ जायचे असेल तर फोनपुढे बहिर्वक्र भिंग लावता येते. १० सेंमी म्हणजे १० डायॉप्टर. त्यावर १० डायॉप्टरचे भिंग चढवले की शक्तींची बेरीज २०, अंतर ५ सेंमी, आणि नथ अर्धी चौकट व्यापते. पण सराफाचे दहा पटींचे भिंग लावू नका. त्याचे नाभीय अंतर अडीच सेंमी, शक्ती ४०. बेरीज ५०, अंतर २ सेंमी! इतक्या जवळ फोन गेला की त्याची स्वतःचीच सावली नथीवर पडते. दुसरी अडचण स्पष्टतेच्या खोलीची. विशालन दुप्पट केले की पुढे-मागे स्पष्ट दिसणारी जाडी जवळजवळ चौथाईवर येते. आमच्या फोनवर ती भिंगाशिवाय अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरची होती, भिंग लावल्यावर दोनेक मिमी उरली. पुढचा मोती स्पष्ट आणि मागची तार धुरकट.

मोठा कॅमेरा घेतला तरी हा नियम सुटत नाही. ३६ मिमी रुंदीच्या संवेदकावर ३ सेंमीची नथ भरून घ्यायची म्हणजे वस्तू आणि प्रतिमा जवळजवळ सारख्या आकाराच्या. भिंगाच्या सूत्रानुसार तेव्हा वस्तू नाभीय अंतराच्या दुपटीवर हवी. म्हणून ५० मिमीपेक्षा १०० मिमीचे निकट-छायाचित्रणाचे भिंग बरे, कारण दिव्याला जागा मिळते. पण एफ ८ वर स्पष्टतेची खोली सुमारे १ मिमीच येते. छिद्र एफ १६ पर्यंत लहान केले तर दोन मिमी होते, पण इतक्या विशालनाला ते छिद्र एफ ३२ सारखे वागते, आणि विवर्तनामुळे प्रत्येक बिंदूची ०.०४ मिमीची चकती होऊन सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. ज्यांना भिंतीएवढे फलक किंवा छापील कॅटलॉग काढायचे आहेत, त्यांनी हा खर्च करावा. ताईंनी करू नये, असे मी स्पष्ट सांगितले.

ध्रुवक गाळणीही घेऊ नका. काच, लाख, पाणी यांवरची चकाकी ती योग्य कोनात कापते, काचेसाठी तो कोन साधारण ५६ अंश. हा नियम ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये मांडला. धातूच्या चकाकीवर मात्र तिचा फारसा इलाज चालत नाही आणि मोत्याची चकाकी कापली तर मग विकायचे काय?

तिपाई हवी, पण पुस्तकांच्या दोन चळती आणि त्यांवर आडव्या दोन पट्ट्या चालतात. बटर पेपरमुळे प्रकाश घटतो, फोन जास्त वेळ उघडा राहतो आणि हात हलतो. म्हणून फोन टेकवून, तीन सेकंदांचा टायमर लावून हात काढून घ्यावा.

शेवटी एक काळा डाग उरला. प्रत्येक मोत्याच्या मधोमध फोनच दिसत होता. कॅमेरा ज्या दिशेने पाहतो त्या दिशेला गोलाचा लंब असतोच, तेव्हा कॅमेरा मोत्यात दिसणे टाळता येत नाही. ७.५ सेंमी रुंदीचा फोन १० सेंमीवर, म्हणजे ६ मिमीच्या मोत्यात एक मिमीहून मोठा डाग. मुलीने पांढऱ्या कार्डशीटला सेंटीमीटरभर भोक पाडले आणि फोनचे फक्त भिंग त्यातून डोकावेल अशी ती फोनला चिकटवली. डाग टाचणीच्या टोकाएवढा झाला. ही युक्ती माझी नव्हे.

एकूण खर्च पाचशे रुपयांच्या आत बसला. बचत गटाच्या बैठकीत ताईंनी कर्ज घेतले, पण आठ हजारांचे, मोती आणि तार आणायला. त्यानंतर एकदा त्यांनी पाठवलेल्या फोटोत एका मोत्याच्या कडेला डाळिंबी रंगाची कोर दिसली. मी विचारले, तर म्हणाल्या, "माझी साडी हो, सर. खोक्याच्या उघड्या बाजूने दिसते." आता फोटो काढताना त्या खांद्यावरून पांढरा पंचा घेऊन बसतात.